जोडी कोणाची, जागा कोणाची

कॅरमच्या बोर्डावर शिंपडायची बोरिक पावडर हे एक आम्ल आहे. नावच बोरिक ॲसिड. तिच्या रेणूचे चित्र काढले तर मध्ये बोरॉनचा एक अणू, त्याला जोडलेले तीन ऑक्सिजन आणि प्रत्येक ऑक्सिजनला एकेक हायड्रोजन. शाळेतली व्याख्या ज्याच्या डोक्यात पक्की बसली आहे तो लगेच हिशेब मांडतो: तीन हायड्रोजन आहेत, तर पाण्यात तीन हायड्रोजन आयन सुटायला हवेत, निदान एखादा तरी. पण हिशेब तसा लागत नाही. ही पावडर पाण्यात विरघळली की बोरॉन पाण्याच्या एका रेणूतल्या ऑक्सिजनकडची इलेक्ट्रॉनांची जोडी आपल्याकडे ओढतो. पाण्याचा तो रेणू बोरॉनला चिकटतो आणि मग त्यालाच आपला एक हायड्रोजन सोडून द्यावा लागतो. द्रावणात जी थोडीशी आम्लता येते ती पाण्यातून निघालेल्या या हायड्रोजनची. बोरिक आम्लाचे स्वतःचे तीन हायड्रोजन जागच्या जागी.

मग इथे आम्लाचे काम केले कोणी? बोरॉनने. आणि ते काही देऊन नाही, घेऊन. बोरॉनच्या बाहेरच्या कवचात तीन इलेक्ट्रॉन असतात. तीन बंध झाले की सहा होतात, अष्टक पुरे होत नाही. एक जोडी मावेल एवढी जागा रिकामी राहते आणि बोरिक आम्लाची सगळी आम्लता त्या रिकाम्या जागेत असते. पदवीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी बोरिक आम्लाचे अनुमापन केले असेल त्यांना आठवेल, की नुसत्या पाण्यात फिनॉल्फथॅलीनचा रंग नेमका कधी बदलला हे कळत नाही. गुलाबी छटा रेंगाळत रेंगाळत येते. त्यातच ग्लिसरॉल किंवा मॅनिटॉल घातले की हे मवाळ आम्ल एकदम जोर धरते आणि अंतिम बिंदू स्वच्छ दिसतो. ग्लिसरॉलच्या रेणूतले शेजारशेजारचे ऑक्सिजन बोरॉनला चिमट्यात पकडल्यासारखे धरतात, रिकामी जागा पक्की भरते आणि हायड्रोजन आयन सुटण्याकडे समतोल सरकतो. हायड्रोजनकडे पाहत बसलो असतो तर हे कोडे सुटले नसते.

या पुस्तकाचा विषय ही रिकामी जागा आणि ती भरणारी जोडी.

बारावीच्या पुस्तकात आम्ल-आम्लारीच्या तीन व्याख्या एकाखाली एक येतात: अऱ्हेनियस, ब्रॉन्स्टेड-लाउरी आणि लुईस. विद्यार्थ्याला वाटते, की पहिली छोटी, दुसरी मोठी आणि तिसरी सगळ्यांत मोठी. तिसरीला पुस्तकात चार-पाच ओळी मिळतात, परीक्षेत एखादा गुण मिळतो आणि पान उलटते. माझी तक्रार या मांडणीबद्दल आहे. पहिल्या दोन व्याख्या पदार्थाकडे काय आहे हे विचारतात: हायड्रोजन आहे का, हायड्रॉक्साइड आहे का, प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, देता येतो का. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी आम्ल-आम्लारी हे दोघांमधले नाते आहे हे ओळखले, पण ते नाते त्यांनी एकाच कणाला, प्रोटॉनला, बांधून ठेवले. लुईस विचारतो, की दोघे भेटले तेव्हा नवा बंध कोणाच्या इलेक्ट्रॉनांनी झाला? ज्याची जोडी वापरली गेली तो आम्लारी. ज्याच्याकडे ती जोडी सामावून घ्यायला जागा होती तो आम्ल. कोणते मूलद्रव्य, कोणता द्रावक, चव आंबट की तुरट, याची इथे चौकशीच नाही. ही तिसरी व्याख्या पहिल्या दोघींची मोठी बहीण नव्हे, तिचा प्रश्नच वेगळा आहे. म्हणूनच आम्ल कोणते आणि आम्लारी कोणता हे तिच्या साहाय्याने ओळखणे सूत्र पाठ करून जमत नाही. त्याला चित्र काढावे लागते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याची पुनरावृत्ती पाहण्यासारखी आहे. लाव्हॉझिएने ठरवले, की आम्लता ऑक्सिजनमुळे येते. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवले, की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही आणि त्यातला हिरवट-पिवळा वायू हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. त्याचे नाव क्लोरीन त्यानेच ठेवले. ऑक्सिजन पायउतार झाला आणि हायड्रोजन गादीवर बसला. 1838 मध्ये लीबिगने आम्ल म्हणजे धातूने बदलता येण्याजोगा हायड्रोजन असलेले संयुग असे सांगितले. 1884 मध्ये अऱ्हेनियसने उप्साला विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधातून आयनांची कल्पना पुढे आली आणि त्या हायड्रोजनचा हायड्रोजन आयन झाला. 1923 मध्ये कोपनहेगनला ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजला लाउरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याला पाण्यातून बाहेर काढले, पण गादीवर तोच राहिला. प्रत्येक पिढीने एका मूलद्रव्याला आम्लतेचा मालक ठरवले.

त्याच 1923 साली अमेरिकेत गिल्बर्ट न्यूटन लुईस याचे संयुजा आणि अणु-रेणूंची रचना या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यात त्याने आक्षेप घेतला, की हायड्रोजन असलेल्यांनाच आम्ल म्हणणे हे ऑक्सिजन असलेल्यांनाच ऑक्सिडीकारक म्हणण्यासारखे आहे. क्लोरीन ऑक्सिडीकारक आहे आणि त्यात ऑक्सिजन नाही, हे तोवर साऱ्या रसायनशास्त्राने मान्य केले होते. मग आम्लांच्या बाबतीत हा हट्ट का? तर्क बिनतोड होता. पण लुईसने तो थोडक्यात मांडला आणि पुढे निघून गेला. त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. त्याने स्वतःही जवळजवळ पंधरा वर्षे घेतली नाही असे म्हणायला हरकत नाही.

लुईस हा माणूस समजून घेतल्याखेरीज ही व्याख्या कुठून आली हे कळत नाही. 1875 चा जन्म, 1912 पासून बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. त्याआधी, 1902 मध्ये, हार्वर्डला विद्यार्थ्यांना शिकवताना त्याने कागदावर घन काढून त्यांच्या आठ कोपऱ्यांत इलेक्ट्रॉन मांडून पाहिले होते. ते कागद त्याने जपून ठेवले. 1916 मध्ये त्यातूनच त्याचा प्रसिद्ध निबंध निघाला: दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. त्या वेळी पुंजयामिकीचा पत्ता नव्हता, इलेक्ट्रॉनाला फिरकी असते हे कळायला अजून दशक होते. ऋण प्रभाराचे दोन कण एकमेकांना दूर ढकलायचे सोडून जोडीने का राहतात, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. संयुगांची सूत्रे मोजता मोजता त्याला दिसले, की बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळपास नेहमी सम संख्येत येतात. तेवढ्या बळावर त्याने जोडी हे रसायनशास्त्राचे एकक मानले. घन पुढे टाकून द्यावा लागला, कारण तीन जोड्यांचा बंध घनांत बसवताच येत नाही. ठिपक्यांची जोडी मात्र टिकली आणि आजही प्रत्येक विद्यार्थी तीच काढतो. बंध म्हणजे जोडी हे एकदा मानले, की आम्ल-आम्लारीची नवी व्याख्या जवळजवळ आपोआप निघते. जोडीतला एकेक इलेक्ट्रॉन दोघांनी आणला तर नेहमीचा सहसंयुज बंध, दोन्ही एकानेच आणले तर आम्ल-आम्लारीचा.

1938 मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात लुईसने हा विषय पुन्हा हाती घेतला आणि या वेळी त्याने प्रयोगशाळेत उतरून बाजू मांडली. त्याचे म्हणणे असे: व्याख्या बाजूला ठेवा, आम्ल-आम्लारी कसे वागतात ते पाहा. ते एकमेकांना झटकन उदासीन करतात, जोरकस आम्ल दुबळ्याला हुसकावून लावते, दर्शकांचे रंग बदलतात आणि अनेक अभिक्रियांना उत्प्रेरक ठरतात. आता ज्यात हायड्रोजनचा मागमूस नाही असे बोरॉन ट्रायक्लोराइड किंवा कथिलाचे टेट्राक्लोराइड घ्या, पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकात मिसळा आणि दर्शक घाला. पाण्यातल्या आम्लांनी बदलावा तसा रंग बदलतो. पिरिडीन किंवा ट्रायइथिलअमीन घातले की परततो. हे अनुमापनच झाले, फक्त त्यात प्रोटॉन कुठेच नाही. त्या काळात ग्लेन सीबोर्ग हा तरुण त्याचा संशोधन-साहाय्यक होता. 1939 मध्ये दोघांनी मिळून या विषयावर निबंध लिहिले. सीबोर्ग पुढे प्लुटोनियमकडे वळला, त्याला 1951 चे नोबेल मिळाले. लुईसची शिफारस अनेकदा होऊनही त्याला ते कधीच मिळाले नाही, आणि रसायनशास्त्राच्या नोबेलच्या इतिहासात ही चूक ठळक उठून दिसते असे माझे मत आहे.

या व्याख्येचा सर्वांत निर्मळ नमुना लुईसच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. 1809 मध्ये गे-ल्यूसॅकने अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लुओराइड हे दोन वायू एकत्र आणले आणि पांढरा घन पदार्थ तयार झाला. पाणी तयार झाले नाही, काही सुटले नाही, काही उरले नाही. दोन झणझणीत वायू एकमेकांत मुरून एक थंड पांढरी भुकटी. उदासिनीकरणाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही, पण अऱ्हेनियसच्या व्याख्येत ते बसत नाही आणि ब्रॉन्स्टेडच्याही बसत नाही. ठिपके मांडले की सगळे उलगडते. नायट्रोजनकडे तीन बंधांत न गुंतलेली एक एकाकी जोडी आहे, बोरॉनकडे एक जागा रिकामी आहे. जोडी जागेत जाते. भेट होण्याआधी बोरॉन आणि तीन फ्लुओरीन एका सपाट त्रिकोणात असतात. भेट झाली की फ्लुओरीन मागे झुकतात, बोरॉनभोवतीची रचना चतुष्फलकी होते आणि बोरॉन-फ्लुओरीन बंध थोडे लांबतात. नव्या बंधाचे दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनचे. घराचे पैसे एकानेच भरले, सातबाऱ्यावर मात्र दोघांची नावे. एकदा बंध झाला की इलेक्ट्रॉन कोणी आणले ही माहिती बंधात उरत नाही. अमोनिया प्रोटॉनला जोडी देतो तेव्हा अमोनियम आयनातले चारही नायट्रोजन-हायड्रोजन बंध एकसारखे असतात, त्यातला नवा कोणता हे कोणालाच दाखवता येणार नाही. दाता आणि ग्राही ही नावे त्या घटनेपुरती असतात.

इथे एक इशारा देतो. बोरॉन ट्रायफ्लुओराइड, ट्रायक्लोराइड आणि ट्रायब्रोमाइड यांत सगळ्यांत जोरकस आम्ल कोणते, हा परीक्षांचा आवडता प्रश्न आहे. फ्लुओरीन सर्वाधिक विद्युतऋण, तो बोरॉनकडचे इलेक्ट्रॉन सर्वाधिक ओढणार, म्हणून ट्रायफ्लुओराइड, असे उत्तर झटकन येते आणि ते चूक असते. क्रम नेमका उलटा आहे. फ्लुओरीनचा अणू आकाराने बोरॉनशी चांगला जुळतो, त्यामुळे तो आपली एक एकाकी जोडी बोरॉनच्या रिकाम्या जागेकडे थोडी कलती ठेवतो. बाहेरून आम्लारी येण्याआधीच जागा अर्धवट अडवलेली असते. ब्रोमीनला त्याच्या मोठ्या कक्षिकांमुळे हे नीट साधत नाही, म्हणून ट्रायब्रोमाइडची जागा खरोखर मोकळी राहते. रिकामी जागा किती रिकामी आहे, हेही पाहावे लागते.

ओळख पटवण्याच्या कामाला आता येतो. आम्लारी शोधणे तुलनेने सोपे. एकाकी जोडी दिसली पाहिजे: पाण्याचा ऑक्सिजन, अमोनियाचा नायट्रोजन, क्लोराइड, सायनाइड, हायड्रॉक्साइड. इथीनसारख्या रेणूत एकाकी जोडी नसते, पण दुहेरी बंधातली सैल जोडी कामाला येते. जोडी असली म्हणजे ती दिली जाईलच असे मात्र नाही. नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडलाही अमोनियासारखीच एकाकी जोडी आहे, पण तीन फ्लुओरीनांनी नायट्रोजनला असे ओढून धरलेले असते, की ती जोडी द्यायला तो फारसा तयार नसतो. आम्लारी म्हणून तो अगदीच दुबळा.

आम्लाला मात्र अनेक सोंगे आहेत. बोरॉन आणि ॲल्युमिनिअम यांची अष्टक अपुरे असलेली संयुगे हे उघड उदाहरण. धातूंचे धन आयन हे दुसरे, आणि रोजच्या जगात यांचीच गर्दी मोठी. तुरटी पाण्यात विरघळवून निळा लिटमस बुडवा, तो लाल होतो. तुरटीत हायड्रोजन आयन देणारे कोणी नाही. ॲल्युमिनिअमचा छोटा, तीन धन प्रभारांचा आयन भोवतीच्या सहा पाण्याच्या रेणूंच्या जोड्या इतक्या जोराने खेचतो, की त्यांतला एखादा रेणू आपला प्रोटॉन सोडून देतो. ही आम्लता साधारण व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाच्या तोडीची. मोरचूद तापवला की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी राहते, पाण्याचा थेंब पडला की निळा परततो, अमोनिया घातला की गर्द निळा होतो. रंगांचा हा खेळ म्हणजे तांब्याच्या आयनाने कोणाकडून जोड्या घेतल्या याची जाहिरातच. आल्फ्रेड वर्नरने 1893 मध्ये अशा संयुगांची रचना मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनाचा शोधही लागलेला नव्हता.

तिसरे सोंग फसवे आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनचे अष्टक पूर्ण आहे, कोठे जागा दिसत नाही, तरी तो आम्ल आहे. चुन्याच्या निवळीतून तो सोडला की हायड्रॉक्साइडची जोडी कार्बनवर येते, ऑक्सिजनबरोबरच्या दुहेरी बंधातली एक जोडी ऑक्सिजनकडे सरकते आणि जागा तिथल्या तिथे तयार होते. चुना लावलेली भिंत हळूहळू टणक होते ती याच व्यवहारामुळे. चौथे सोंग सिलिकॉन, कथील, अँटिमनी अशा मोठ्या अणूंचे: आठ भरलेले असूनही ते आणखी एक-दोन जोड्या सामावून घेतात. अँटिमनी पेंटाफ्लुओराइड ही भूक इतकी तीव्र असलेले आम्ल आहे, की ते फ्लुओरोसल्फ्युरिक आम्लात मिसळल्यावर जे द्रावण होते त्याला जॉर्ज ओलाच्या प्रयोगशाळेत जादूचे आम्ल असे नाव पडले. ख्रिसमसच्या मेजवानीतली मेणबत्ती त्यात टाकून पाहिली तर ती विरघळली, त्यावरून. ओलाला 1994 चे नोबेल मिळाले.

आणि काही सापळे. ऋण चिन्ह दिसले की आम्लारी आणि धन चिन्ह दिसले की आम्ल, असा कौल लावणारे खूप असतात. अमोनियम आयन धन आहे, पण त्याच्या नायट्रोजनवर एकही जागा रिकामी नाही. तो जोडी घेऊ शकत नाही. तो फक्त प्रोटॉन सोडू शकतो आणि जोडी घेतो तो प्रोटॉन. हायड्रोक्लोरिक आम्लाचेही तसेच. लुईसच्या नजरेने पाहिले तर तो रेणू म्हणजे आधीच झालेला सौदा आहे: प्रोटॉन हे आम्ल, क्लोराइड हा आम्लारी. अमोनिया आला की क्लोराइडला बाजूला सारून तो प्रोटॉनला जोडी देतो. आम्लारीची बदली झाली एवढेच. लुईसच्या व्याख्येत सगळ्यांत ओळखीचे आम्लच थेट बसत नाही, हे अनेकांना खटकते. मला ते तिचे बलस्थान वाटते, कारण खरे काम कोण करतो ते त्यामुळे दिसते.

इलेक्ट्रॉनाची देवघेव म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपण, मग हे वेगळे कसे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो रास्त आहे. तिथे इलेक्ट्रॉन एकाला सोडून दुसऱ्याकडे राहायला जातो. इथे जोडी देणाऱ्याकडेही राहते, फक्त ती आता दोघांच्या मध्ये असते. सीमारेषेवरची उदाहरणे आहेत, पण ती पहिल्याच दिवशी पुढे आणण्यात अर्थ नाही.

या साऱ्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक बाटली पुढे ठेवतो: निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइडची. पावसाळ्यात तिचे बूच काढले, की तोंडाशी पांढरा धूर येतो. हवेतल्या बाष्पाचा ऑक्सिजन ॲल्युमिनिअमला जोडी देतो आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. 1877 मध्ये पॅरिसला फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी याच पदार्थाच्या साहाय्याने बेंझिनच्या कड्याला कार्बनची साखळी जोडायची रीत शोधली. ॲल्युमिनिअम क्लोराइड समोरच्या संयुगातल्या क्लोरीनकडची जोडी घेतो, कार्बन-क्लोरीन बंध सैल होतो आणि उघडा पडलेला कार्बन बेंझिनच्या इलेक्ट्रॉनांवर झडप घालतो. म्हणजे एका आम्लाने दुसरे आम्ल तयार केले आणि बेंझिन आम्लारी ठरला. वेदनाशामक म्हणून घराघरांत असलेल्या आयब्युप्रोफेनच्या मूळ निर्मितीपद्धतीची पहिली पायरी हीच होती.

पुस्तके ॲल्युमिनिअम क्लोराइडला उत्प्रेरक म्हणतात, आणि उत्प्रेरक चिमूटभर पुरतो असे आपण शिकलेलो असतो. ॲसिलीकरणाच्या, म्हणजे कड्याला ॲसिल गट जोडण्याच्या, या पायरीत मात्र तो चिमूटभर घालून चालत नाही. तयार होणाऱ्या कीटोनचा ऑक्सिजन हा चांगला आम्लारी असतो, तो ॲल्युमिनिअमला जोडी देऊन धरून ठेवतो आणि सोडत नाही. जेवढे उत्पादन हवे, निदान तेवढे आम्ल त्यात अडकते. शेवटी पाणी ओतून ते सोडवावे लागते आणि ॲल्युमिनिअमचा ओला गाळ टाकून द्यावा लागतो. आयब्युप्रोफेनच्या पुढच्या पद्धतीत ॲल्युमिनिअम क्लोराइडच्या जागी हायड्रोजन फ्लुओराइड आले, त्यामागे या गाळाचाही वाटा होता. कारखान्याच्या मागच्या बाजूला किती कचरा साठणार हे एका एकाकी जोडीवर ठरते, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

कोणते आम्ल कोणत्या आम्लारीला पसंत करते याबद्दल 1963 मध्ये राल्फ पिअर्सनने एक ढोबळ पण अफाट उपयोगी नियम मांडला. लहान, घट्ट प्रभाराचे आम्ल म्हणजे कठीण. मोठे, इलेक्ट्रॉन सहज हलणारे म्हणजे मृदू. कठीण कठिणाशी जमवतो, मृदू मृदूशी. ॲल्युमिनिअम, कॅल्शियम, तीन प्रभारांचे लोह हे कठीण, त्यांना ऑक्सिजन प्रिय. पारा, चांदी, कॅडमिअम हे मृदू, त्यांना गंधक प्रिय. ॲल्युमिनिअम बॉक्साइटच्या रूपात, ऑक्सिजनबरोबर, सापडते. आपल्याकडे कोल्हापूरच्या डोंगरांत ते आहे. कोकण आणि गोव्यातला जांभा म्हणजे पावसाने बाकीचे धुऊन नेल्यावर मागे राहिलेले लोह आणि ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड. पाऱ्याचे खनिज हिंगूळ, ते गंधकाबरोबर. रसशास्त्रात पारा आणि गंधक खलून काळी कज्जली करतात, तीही मृदू आम्ल आणि मृदू आम्लारी यांचीच जोडी. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण इतक्या थोड्या शब्दांत खनिजांच्या वाटणीचा एवढा मोठा भाग समजावणारे दुसरे काही मला माहीत नाही.

शरीरातही हाच व्यवहार चालतो. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा निचरा करणाऱ्या कार्बॉनिक अनहायड्रेज या विकरात जस्ताचा एक आयन बसलेला असतो. तो पाण्याच्या रेणूची जोडी धरतो आणि त्या पाण्याची आम्लता कोट्यवधी पटींनी वाढवतो. तयार झालेला हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या कार्बनला जोडी देतो. एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हे करतो. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला कार्बन मोनॉक्साइड आपली जोडी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट देतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांच्या मुळाशी हा बंध आहे.

लुईसच्या व्याख्येवर आक्षेप आहेत आणि ते या पुस्तकात लपवलेले नाहीत. मोठा आक्षेप असा, की तिच्यात जोर मोजायची एक पट्टी नाही. प्रोटॉनच्या जगात आम्लांचा क्रम एकाच आकड्याने लावता येतो. इथे आम्लाचा क्रम आम्लारी बदलला की बदलतो. गुटमनने अँटिमनी पेंटाक्लोराइडला कसोटी धरून द्रावकांना आकडे दिले, ड्रॅगोने दोन-दोन आकड्यांची पद्धत सुचवली. सगळ्या अपुऱ्या. आणि जागा व जोडी दोन्ही असूनही बंध न होणे शक्य आहे. 1942 मध्ये एच. सी. ब्राउनला दिसले, की नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना मिथिल गट असलेले ल्युटिडीन ट्रायमिथिलबोरेनशी जुळतच नाही, गटांची गर्दी आड येते. हे बरीच वर्षे कुतूहल म्हणून पडून होते. 2006 मध्ये कॅनडात डग्लस स्टीफनच्या गटाने अशाच अडलेल्या जोडीने, एकाच रेणूत बसवलेल्या फॉस्फरस आणि बोरॉनने, हायड्रोजनचा रेणू फोडून दाखवला, आणि तापवल्यावर परतही सोडला. तोवर हे काम प्रामुख्याने धातूंचे मानले जाई. त्या प्रयोगावर इथे एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते लिहिताना मला सर्वाधिक आनंद झाला.

प्रकरणांच्या शेवटी प्रश्न आहेत. ते सोडवताना पेन्सिल लागेल, कारण प्रत्येक ठिकाणी ठिपके मांडून जोडी कुठून निघाली आणि कुठे पोहोचली याचा बाण काढायचा आहे. बाणाची सुरुवात नेहमी जोडीपाशी करावी. प्रोटॉनपासून निघालेला बाण प्रश्नपत्रिकांत अजून सर्रास दिसतो. सल्फर डायऑक्साइड, कथिलाचे डायक्लोराइड आणि पाणी ही तीन नावे मुद्दाम पुन्हा पुन्हा येतात. ट्रायमिथिलअमीनसमोर सल्फर डायऑक्साइडचा गंधक जोडी घेतो, अँटिमनी पेंटाफ्लुओराइडसमोर त्याचाच ऑक्सिजन जोडी देतो. कथिलाच्या डायक्लोराइडकडे जागाही आहे आणि जोडीही. उत्तरे शेवटच्या पानांवर दिली आहेत. या तिघांपुढे बऱ्याच ठिकाणी उत्तराच्या जागी एवढेच छापले आहे: कोणाबरोबर?